सेक्रेटरीचं ग्राउंड

राजूरला फुटबॉल खेळायला आलेल्या टीमला आधी इतिहास ऐकावा लागायचा. बॉलला पाय नंतर. घाटंजीची टीम येवो, वणीची येवो, नाहीतर आणखी कुठून ट्रकमध्ये उभी राहून येवो, सगळ्यांनी मधल्या रेघेवर ओळीनं उभं राहायचं. मग आमच्या क्लबचे सेक्रेटरी पुढे यायचे, काळी छत्री उघडायचे आणि पाहुण्यांना आमच्या क्लबचा इतिहास सांगायचे, पहिल्या दिवसापासून मागच्या रविवारपर्यंत. छत्री त्यांच्या डोक्यावर, ऊन पाहुण्यांच्या. कोणी हळूच खाली बसायला लागला की ते बोलायचे थांबत आणि तो पुन्हा उभा होईपर्यंत आभाळाकडे पाहत राहत. इतिहास संपला की छत्री मिटायची. छत्री मिटली म्हणजे सामना सुरू, वेगळी शिट्टी लागायची नाही.

दर सामन्यागणिक इतिहासात भर पडायची आणि गाळलं काहीच जायचं नाही, त्यामुळे तो लांबतच गेला. मी लेफ्ट बॅक म्हणून क्लबात आलो तेव्हा एक कप चहा पिऊन होईस्तोवर तो संपायचा. मी खेळणं सोडलं तेव्हा तेवढ्या वेळात ग्राउंडच्या कडेच्या इस्माईलभाईचा चहाचा अख्खा गंज रिकामा होत होता. पाहुण्यांचे पाय तोवर आखडून जायचे. आम्ही मात्र सवयीचे, मागच्या मागे पाय हलवत राहायचो. राजूरचा पहिला गोल त्यांचे सेक्रेटरीच मारतात, असं वणीचे लोक म्हणत. यात आमची बदनामी होती की कौतुक, हे आम्ही कधी विचारलं नाही.

त्यांचं नाव मी सांगत नाही. सांगूनही काही उपयोग नाही, कारण त्या नावानं राजुरात त्यांना पोस्टमनशिवाय कोणी ओळखत नव्हतं. लहानापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांचे ते सेक्रेटरी. आमच्या क्लबला अध्यक्ष कोण, खजिनदार कोण, हे देवालाच माहीत. सेक्रेटरी मात्र होते, आणि ते एकटेच पुरे होते.

नोकरी खाणीच्या लॅम्परूममध्ये. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दिवा द्यायचा आणि पाळी संपवून तो वर आला की परत घ्यायचा. दिवा आला म्हणजे माणूस आला. एक जरी दिवा यायचा राहिला तरी त्यांना खिडकी सोडून घरी जाता येत नसे. जन्मभर हेच केल्यामुळे स्वभावच तसा झाला होता, काही म्हणजे काही मागे सोडायचं नाही. इतिहासातला एखादा सामना गाळा असं कोणी म्हटलं की ते असे बघायचे, जणू खाली राहिलेल्या माणसाला तिथंच राहू द्या असं कोणी म्हणालंय.

बबननं एकदा ती हिंमत केली होती. बबन आमचा कॅप्टन आणि गोलकीपर. खूप पूर्वी एका टीमनं आमच्यावर सात गोल चढवले होते आणि ते सातही गोल सेक्रेटरी एकेक करून, कोणाच्या पायातून बॉल कसा गेला ते हातवारे करून सांगत.

"सेक्रेटरी, थो सात गोलवाला सामना नका सांगत जाऊ ना," बबन म्हणाला. "पाहुण्यासमोर इज्जत जाते."

"काहून? खेळलो नाही काय आपण तो?"

"खेळलो, पण..."

"मंग? इतिहास हाये बे तो. मेथीची जुडी हाये काय, निवडून राह्यला तू?"

विषय संपला. आणि खरं सांगायचं तर आम्हाला पुढे बोलायला जागाही नव्हती, कारण त्या इतिहासात त्यांचा स्वतःचाही एक गोल होता. आयुष्यातला एकमेव, आणि तो त्यांनी आपल्याच टीमवर मारला होता. तरुणपणी, घरच्याच ग्राउंडवर, सामना संपता संपता, बॉल बाहेर काढायला गेले आणि आपल्याच जाळीत घातला. दर सामन्याआधी, परक्या लोकांसमोर, ते मोठ्या आवाजात हे सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "अन् तो गोल म्या केला." पाहुणे फिदीफिदी हसायचे. सेक्रेटरी त्यांना हसून घेऊ देत. मग पुढचा सामना.

माणसांना ते नावानं हाक मारत नसत, जागेवरून मारत. मी लेफ्ट बॅक, बबन गोली, आणखी कोणी राइट आउट. खेळणं सुटून पोट सुटलं तरी जागा सुटायची नाही. माझ्या लग्नात स्टेजवर आले, मला बाजूला सारलं आणि माझ्या बायकोला म्हणाले, "पोरी, हा लेफ्ट बॅक हाये. याले जास्त समोर जाऊ देऊ नको. एकदा समोर गेला का वापस येत नाही." झालं. भाजी आणायला गेलो आणि दोन मित्र भेटून उशीर झाला, की अजून मला ते वाक्य ऐकावं लागतं. त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र त्यांची जागा बदलायची. बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, ते रेफरी म्हणत आणि काकूंनी नुसतं पाहिलं तरी गप्प बसत.

क्लबचा इतिहास सुरू व्हायचा एका जर्मन माणसापासून. खाणीत कसलं तरी मोठं यंत्र बसवायला तो आला होता. सेक्रेटरी तेव्हा नुकते नोकरीला लागलेले. त्या जर्मनाच्या सामानात एक चामड्याचा बॉल होता. रविवारी खाण बंद, करायला काही नाही, म्हणून तो कॉलनीमागच्या रिकाम्या जागेत एकटाच बॉल मारत बसायचा. हळूहळू खाणीतली पोरं जमली. त्याच्या गावातही म्हणे असाच एक लहानसा क्लब होता. चर्चच्या मागे उताराचं ग्राउंड, गावचा पाववाला गोलकीपर, जिंकण्यापेक्षा हरण्याचीच सवय जास्त. आणि कोणी खेळायला आलं की त्या क्लबातला एक म्हातारा पाहुण्यांना उभं करून आधी क्लबची सगळी कहाणी ऐकवायचा. आमची पद्धत आली ती तिथून.

आता, जर्मनाला मराठी येत नव्हती, सेक्रेटरींना जर्मन येत नव्हती, आणि दोघांची हिंदी एकत्र केली तरी एका माणसाची पुरती होत नव्हती. मग चर्च, पाववाला, म्हातारा हे सगळं यांना कळलं कसं? मी एकदा विचारलं. म्हणाले, "फुटबॉलवाल्याचं फुटबॉलवाल्याले समजते. तू आपली साइड सांभाळ."

त्या जर्मनानंच पहिलं ग्राउंड आखलं, पावलं टाकून. तो ताडमाड उंच. सेक्रेटरी त्याच्या मागे चुन्याची बादली घेऊन, त्याच्या पावलावर पाऊल टाकत चालले, आणि चालता चालता ते माप त्यांनी आपल्या पायात बसवून घेतलं. यंत्र बसवून झालं आणि जर्मन निघून गेला. इतिहासात या ठिकाणी सेक्रेटरींचा आवाज जरा हळू व्हायचा. "बॉल क्लबले देऊन गेला. अन् पाऊल माह्यापाशी ठेवून गेला."

ते पाऊल त्यांनी जिवापाड जपलं. पावसाळ्यात गोलचे लोखंडी पोल उपटून त्यांच्या पडवीत ठेवायचे, नाहीतर भंगारवाल्याची नजर पडायची. दसऱ्याच्या आधी ग्राउंड नव्यानं आखायचं. राजुरात दोन गोष्टींना तोटा नाही, कोळसा आणि चुना. ट्रकांच्या धुळीनं ग्राउंड काळंभोर असायचं आणि भट्टीवरून चुन्याचं पोतं फुकट यायचं. एका कोपऱ्यात मैलाच्या दगडाएवढा एक दगड पुरलेला होता. त्या दगडाला टाच लावून सेक्रेटरी निघायचे, पुटपुटत पावलं मोजायचे, आणि आम्ही सगळ्यांनी त्या वेळी तोंडाला कुलूप लावायचं. कोणी शिंकलं, कोणी हसलं, रस्त्यानं ट्रकचा हॉर्न वाजला, की मोजणी चुकली म्हणून परत दगडापासून सुरुवात. एका वर्षी देवीची मिरवणूक गेली बॅंडवाल्यांसकट, तर आखणी दुसऱ्या दिवसावर गेली. त्यांची पावलं संपतील तिथं खुंटी ठोकायची, चुना टाकायचा आणि पोल रोवायचे.

"सेक्रेटरी, टेप आणू काय?" बबन दरवर्षी विचारायचा, मुद्दाम.

"टेपीचा काय भरोसा बे? ताणली तं लांब, सोडली तं आखूड. माणसाचं पाऊल ढिलं होत नाही."

इतिहासाचं शेवटचं वाक्य त्यांचं लाडकं होतं. आधीच्या हारीबिरी सगळ्या सांगून झाल्या की ते दम घ्यायचे आणि म्हणायचे, "अन् तवापासून आजलोक, या ग्राउंडवर राजूर हारलं नाही." मग छत्री मिटायची. हे खोटं नव्हतं. कित्येक वर्षांत घरच्या ग्राउंडवर आम्हाला कोणी हरवलं नव्हतं. बाहेर मार खायचो, घरी वाघ. आमचे पास छोटे छोटे, पायातल्या पायात, आणि पाहुण्यांचा बॉल मात्र मारला की बाहेर. "तुमच्या इथं बॉल लय लवकर बाहेर जाते गा," असं पाहुणे कुरकुरायचे. आम्ही म्हणायचो, उतार आहे.

बाहेरचा मोठा मार आम्ही खाल्ला यवतमाळला, जिल्ह्याच्या फायनलमध्ये. काय सांगू, आमचे पास अर्ध्यात मरत होते. कॉर्नर मारला तर बॉल गोलपर्यंत पोचायच्या आधीच टप्पा घ्यायचा. मी एकदा पुढे गेलो तर वापस येता येता सामनाच संपतो की काय असं वाटलं. पाच गोल खाल्ले. सामना झाल्यावर सेक्रेटरी छत्री टेकत संघटनेच्या टेबलाशी गेले आणि तक्रार केली.

"तुमचं ग्राउंड मोठं हाये."

टेबलामागचा माणूस भला होता. हसला नाही. त्यानं दोन पोरांना टेप घेऊन पाठवलं, आमच्यासमोर मोजलं. ग्राउंड बरोबर निघालं. सेक्रेटरींनी टेप हातात घेतली, ताणून पाहिली, परत दिली आणि म्हणाले, "तुमची टेप ढिली झाली हाये." येताना एसटीत पाठीमागच्या सीटवर बबननं हसू दाबायला तोंडात रुमाल घातला होता. सेक्रेटरी खिडकीशी बसून सगळा रस्ता ताठ मानेनं पुढे पाहत राहिले.

मात्र त्याच माणसानं पुढे आमचं एक काम केलं. क्लबचं पन्नासावं वर्ष आलं होतं, आणि त्या वर्षीची जिल्ह्याची स्पर्धा राजूरला व्हावी ही सेक्रेटरींची एकच इच्छा होती. नोकरी संपली होती, गुडघा धरला होता, पण ती एक गोष्ट बघूनच ग्राउंडवरून बाहेर व्हायचं असं त्यांनी ठरवलेलं. यवतमाळवाले हो म्हणाले. अट एकच, की आधी येऊन ग्राउंड मोजणार. "मोजा ना बाप्पा," सेक्रेटरी म्हणाले, "पन्नास वर्षं झाले, मीच मोजून राह्यलो."

तयारी सुरू झाली. इस्माईलभाईनं टपरीपुढे मांडव घालायचं ठरवलं. या टपरीचंही सांगायला पाहिजे. इस्माईलभाईचा धंदा म्हणजे सामना पाहणारे लोक, आणि लोकांना रेघेला चिकटून उभं राहून चहा पाहिजे. त्यामुळे दर दसऱ्याला चुना पडला की टपरी रेघेच्या शेजारी सरकायची. टपरी सरकली की तिच्या मागे उभे राहणारे कोळशाचे ट्रकही सरकायचे. कोणाच्या मनात काही आलं नाही. मांडवाच्या खांबासाठी इस्माईलभाईनं टपरीच्या पाठीमागे, ट्रकांच्या जागेत खड्डा खणायला घेतला, आणि थोड्या वेळानं मला आणि बबनला हाक मारली.

"भाई, इधर आओ. मेरे चूल्हे के पीछे चुना निघून राह्यला."

काळ्या धुळीच्या थराखाली पांढरी पट्टी होती. दगडासारखी घट्ट झालेली. आम्ही सब्बलीनं थोडं पुढे उकरलं, पट्टी पुढे. आणखी उकरलं, आणखी पुढे. सरळसोट. तिच्या आणि आमच्या आजच्या रेघेच्या मध्ये इस्माईलभाईची टपरी, तिची बाकडी, पाण्याचा ड्रम आणि आमच्या दोन मोटारसायकली आरामात उभ्या होत्या.

बबननं सब्बल खाली टेकवली. मग म्हणाला, "यवतमाळचं ग्राउंड मोठं नव्हतं बे."

 आमचं घरचं वाघपण म्हणजे काय होतं, ते त्या खड्ड्यात दिसत होतं. दरवर्षी सेक्रेटरींचं पाऊल जरासं आखूड झालं होतं, ग्राउंड जरासं आत आलं होतं, आणि आम्ही त्या ग्राउंडला सरावत गेलो होतो. पाहुण्यांना मात्र ते दरवेळी नवं होतं. "बुजवून टाक," बबन म्हणाला. "सेक्रेटरीले सांगू, यवतमाळवाल्याइले मोठं पाह्यजे म्हणून वाढवून राह्यलो. मरून जाईल बे तो मानूस." आम्ही माती लोटायला लागलो, आणि मागून छत्री टेकल्याचा आवाज आला.

खोटं बोलायचं आमच्यापैकी कोणाला सुचलं नाही. सेक्रेटरी खड्ड्याशी आले. गुडघा धरत वाकले, पांढरा खडा उचलला, बोटांत चुरला. "आपल्याच भट्टीचा हाये," म्हणाले. मग त्या जुन्या रेघेवर टाच लावून उभे राहिले आणि आजच्या रेघेपर्यंत चालत गेले. मोजलं नाही, नुसते चालले. तिथं पोचल्यावर वळून मागे पाहिलं, मग खाली स्वतःच्या चपलांकडे पाहिलं, आणि घरी निघून गेले. दर शनिवारी रेघांवर पुन्हा चुना फिरायचा, त्या शनिवारी पहिल्यांदाच ग्राउंडवर चुना पडला नाही. रविवारी इतिहास झाला नाही. पाहुणे आले, आम्ही सरळ खेळायला सुरुवात केली, आणि विश्वास ठेवा, त्या पाहुण्यांनाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. काकू अंगणात तांदूळ पाखडत होत्या. सेक्रेटरी पडवीत बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"दोन दिवस झाले, एक शब्द नाही," काकू म्हणाल्या. "पन्नास वर्षांत पह्यल्यांदा घरात शांतता हाये. मले तं करमून नाही राह्यलं."

मी बाजेच्या टोकाशी बसलो. ते भिंतीलाच म्हणाले, "लेफ्ट बॅक, यवतमाळवाल्याइले कळव. स्पर्धा नाही करत आपण."

"काहून पण?"

"खोट्या ग्राउंडाचा कायचा पन्नासावा? मी जे सांगत गेलो थे सारं खोटं. या ग्राउंडवर हारलो नाही म्हणे. अबे, हे ग्राउंडच नव्हतं. अंगण होतं माह्या पायाचं." मग उठून बसले. "जर्मनानं देल्लं पाऊल म्या सांभाळलं, असं सांगत होतो मी. लोकायसमोर. छत्री घेऊन."

  काकू सूप न थांबवता बोलल्या.

"पाऊल लहान झालं थे मले माहीत होतं."

सेक्रेटरींनी मान वळवली. "तुले? कसं?"

"कसं म्हंजे? लग्न झालं तवा बजारात तुमी समोर चालत होते अन् मी मांगून धावत होती. मंग बरोबरीनं चालाले लागले. मंग मांगं पडाले लागले."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगून काय करतं?" काकू म्हणाल्या. "मी हळू चालाले लागली."

 सेक्रेटरी बायकोकडे पाहत राहिले, आणि मी उठून पाणी प्यायच्या निमित्तानं माठाकडे गेलो, कारण तिथं बसणं बरं दिसत नव्हतं. परत आलो तेव्हा ते चपला शोधत होते. म्हणाले, "गोलीले बोलाव. अन् टेप आण. ढिली नको आणू."

पुढचे दिवस धामधुमीचे. सेक्रेटरी दगडाशी टेपचं टोक धरून उभे, दुसरं टोक बबनच्या हातात. जिथं नियमाचं माप भरलं तिथं खणलं तर ती जर्मनाच्या वेळची पहिली रेघ. चार बोटांचाही फरक नाही. सेक्रेटरी तिच्यावर हात फिरवून म्हणाले, "पाह्यलं? जर्मनाचं पाऊल बरोबर होतं." इस्माईलभाईनं टपरी मागे नेली आणि ट्रकवाल्यांशी भांडायचं कामही तोंडाचा पट्टा सोडून त्यानंच केलं. पोल उपटून मागे रोवले. यवतमाळचा तो भला माणूस आला, मोजलं, ठीक आहे म्हणाला. सेक्रेटरी त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमची टेप ढिली नव्हती. म्या म्हटलं थे मांगं घेतो." त्याला कशाचं काय ते आठवतही नसावं, तरी त्यानं हात जोडले.

स्पर्धेचा पहिला सामना आमचा, घाटंजीशी. राजूर लोटलं होतं, वणीहून लोक आले होते, माईक होता. मधल्या रेघेवर घाटंजीची टीम ओळीनं उभी. बिचारे दरवर्षी यायचे, इतिहास ऐकायचे आणि हरून जायचे, इतके की त्यांचा कॅप्टन सेक्रेटरींच्या बरोबरीनं ओठ हलवायचा. छत्री उघडली. जर्मन आला, बॉल आला, पाऊल आलं, सात गोल आले, स्वतःचा गोल आला. शेवटचं वाक्यही आलं, "अन् तवापासून आजलोक, या ग्राउंडवर राजूर हारलं नाही." घाटंजीवाल्यांनी पाय झटकले. पण छत्री मिटली नाही.

"आता पुढचं ऐका," सेक्रेटरी म्हणाले. "हे ग्राउंड दरसाल लहान होत गेलं. पाऊल लहान झालं, मले समजलं नाही. मी म्हणत गेलो, पाऊल ढिलं होत नाही. होते. तुमी इथं जे सामने हारले थे या लहान ग्राउंडवर हारले. त्या जिती आमच्या नाही. आज वापस करतो." मग ज्या आवाजात ते जन्मभर स्वतःच्या गोलचं सांगत आले त्याच आवाजात म्हणाले, "अन् ग्राउंड म्या लहान केलं."

या वेळी कोणी हसलं नाही.  मी बबनकडे पाहिलं, बबन बुटांच्या लेसकडे पाहत होता. तेव्हा घाटंजीचा कॅप्टन ओळीतून एक पाऊल पुढे आला. सेक्रेटरींच्या इतिहासात मध्ये बोलणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस.

"साहेब, मी बोलू काय?"

सेक्रेटरींनी मान हलवली.

"ग्राउंड लहान होतं तं तुमच्या पोट्ट्याइलेबी लहानच होतं ना. अकरा तुमचे, अकरा आमचे, एकाच अंगणात होतो. आमी खेळलो, आमी हारलो. थ्या हारी आमच्या हायेत." थोडं थांबून तो म्हणाला, "आमी वापस देत नाही."

सेक्रेटरींनी त्याच्याकडे पाहिलं.  छत्री मिटवायला त्यांना त्या दिवशी जरा वेळ लागला, कडी सापडेना. मी जाऊन मिटवून दिली.

आम्ही हरलो. एका गोलनं, अगदी शेवटी, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही, ती टीम चांगली होती आणि आमची फुप्फुसं त्या मोठ्या ग्राउंडवर अर्ध्या सामन्यातच संपली होती. पुढच्या रविवारी गावातल्याच पोरांशी साधा सामना होता, तरी सेक्रेटरींनी सगळ्यांना उभं केलं आणि इतिहास अथपासून सांगितला. लाडकं वाक्य आता शेवटी नव्हतं. शेवटी होतं, "अन् मंग याच ग्राउंडवर, पुऱ्या ग्राउंडवर, घाटंजीनं आपल्याले हरवलं." आणि छत्री अशी झोकात मिटवली की आम्हाला वाटलं, आपण जिंकलोच होतो.

बाजारात मात्र मी त्यांना नंतर पुष्कळदा पाहिलं. काकू पिशवी घेऊन, सेक्रेटरी छत्री टेकत. दोघं शेजारी शेजारी, एका चालीनं. कोण कोणासाठी हळू चालतंय, ते ओळखता यायचं नाही.

सेक्रेटरी गेले त्याला आता काही वर्षं झाली. मी यवतमाळला राहतो, पण रविवारी सामना असला की सकाळच्या एसटीनं राजूर गाठतो. ग्राउंड आम्ही टेपनं आखतो, बबन एक टोक धरतो, मी एक. तरी एक गोष्ट राहिलीच आहे. उन्हाळ्यात वारा सुटून वरची कोळशाची धूळ उडाली की बाहेरच्या रेघेच्या आत आणखी एक रेघ वर येते, तिच्या आत आणखी एक, मग आणखी. वर्षावर्षाचा चुना, पुसट, पण सरळ. खणून काढायचा विषय एकदा निघाला होता. कोणी सब्बल उचलली नाही.

नवी टीम आली की हमखास विचारते, "भाऊ, यातली खरी लाइन कोनती?"

"सगळ्यात बाहेरची," आम्ही सांगतो.

"मंग ह्या आतल्या कायच्या?"

तेव्हा बबन त्यांना मधल्या रेघेवर ओळीनं उभं करतो, आणि मी छत्री उघडतो.